हिरवा पुसू नका, वाटून द्या: नॅरोबँड फोटोत रंग आणि तपशील आणण्याचा क्रम

तीन नॅरोबँड स्टॅक (प्रकाशाचा एकेक अरुंद पट्टा घेणाऱ्या फिल्टरमधून काढलेल्या अनेक फोटोंची बेरीज) एकत्र करून एसएचओ (गंधक, हायड्रोजन, ऑक्सिजन) फोटो बनवला की पडद्यावर आधी उमटतो तो हिरवागार तेजोमेघ आणि त्यावर विखुरलेले गुलाबी-जांभळे तारे. इथून पुढे बहुतेकांची चूक एकसारखीच असते. हिरवा काढणारं टूल पूर्ण ताकदीने चालवलं जातं. उरलेलं तपकिरी चित्र मरगळलेलं दिसतं म्हणून सॅच्युरेशन वाढवलं जातं. त्याने नॉइज (दाणेदारपणा) वर येतो, म्हणून तो दाबला जातो, आणि शेवटी प्लॅस्टिकचा वाटावा असा तेजोमेघ हाती उरतो.

हिरवा हा दोष नाही. एसएचओ मांडणीत गंधक लाल चॅनेलला, हायड्रोजन हिरव्याला आणि ऑक्सिजन निळ्याला दिलेला असतो. बहुतेक उत्सर्जन तेजोमेघांत हायड्रोजनचा प्रकाश बाकी दोघांपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून चित्र हिरवं होतं. तो हिरवा पुसणं म्हणजे तुमचा सर्वांत स्वच्छ डेटा फेकून देणं. तो तिन्ही रंगांत वाटायचा असतो, आणि वाटणी नीट व्हायची तर आधीच्या पायऱ्या ठरलेल्या क्रमानेच कराव्या लागतात.

उदाहरणासाठी रोझेट तेजोमेघ (एनजीसी २२३७) घेतला आहे. मृग नक्षत्राच्या पूर्वेला, मोनोसेरॉस तारकासमूहात तो आहे. महाराष्ट्रातून डिसेंबरअखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास तो क्षितिजापासून ७५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या उजेडातूनही त्याचा नॅरोबँड डेटा चांगला मिळतो. शिवाय तिन्ही वायू त्यात वेगवेगळ्या जागी दिसतात. एनजीसी २२४४ या तारकागुच्छातल्या उष्ण ताऱ्यांभोवती, मधल्या भागात ऑक्सिजन ठळक असतो, बाहेरच्या कड्यावर हायड्रोजन आणि गंधक. रंगाचा सराव करायला याहून सोयीचं लक्ष्य क्वचितच सापडेल.

## तयारी: सुरुवात करण्याआधी काय हातात हवं

मोनो (कृष्णधवल) कॅमेऱ्याने घेतलेले तीन मास्टर स्टॅक, म्हणजे प्रत्येक फिल्टरचा एक अंतिम स्टॅक, लागतील: एच-अल्फा (६५६.३ नॅनोमीटर), ओ-तीन (५००.७) आणि एस-दोन (६७१.६ व ६७३.१). पुढे त्यांना एच, ओ आणि एस म्हटलं आहे. तिन्ही ३२-बिट फ्लोटिंग पॉइंट फिट्स फाइलमध्ये ठेवा. स्टॅकिंग सॉफ्टवेअरने आपोआप स्ट्रेच केलेली (पुसट भाग दिसावेत म्हणून उजळपणा ताणलेली) १६-बिट टिफ फाइल या कामाला चालत नाही.

एक्स्पोजरचा वेळ तिघांना समान देऊ नका. एचला ४ तास दिले तर ओ आणि एसला ६ ते ८ तास हवेत. चंद्रप्रकाशाचा सर्वांत जास्त त्रास ओला होतो, कारण हवेत निळा-हिरवा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त विखुरतो. म्हणून अमावस्येच्या आसपासच्या रात्री ओसाठी राखून ठेवा आणि चांदण्या रात्री एच आणि एस घ्या. पांढऱ्या एलईडी दिव्यांचा सलग वर्णपट ओच्या पट्ट्यातही येतो, त्यामुळे शहरात ओचा ग्रेडियंट (आकाशाच्या उजळपणाचा उतार) सर्वांत वाईट असतो.

फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे, दुरुस्तीसाठीचे फोटो) प्रत्येक फिल्टरचे वेगळे घ्या. एका फिल्टरवरची धूळ दुसऱ्यावर नसते, आणि एचचे फ्लॅट ओला लावले तर धुळीची वर्तुळं पुढे स्ट्रेचमध्ये रंगीत गोल होऊन दिसतात. डार्क (झाकण लावून घेतलेले फोटो) त्याच तापमानाचे, त्याच गेनचे आणि तेवढ्याच सेकंदांचे हवेत.

सॉफ्टवेअर: खाली सांगितलेलं सगळं पिक्सइनसाइटमध्ये होतं. विनामूल्य मार्ग हवा असेल तर सिरिल, ग्राएक्सपर्ट, स्टारनेट आणि शेवटच्या हातासाठी गिम्प एवढं पुरतं.

तपासा: तिन्ही मास्टर ऑटोस्ट्रेचमध्ये (सॉफ्टवेअरने फक्त पाहण्यापुरतं उजळून दाखवलेलं चित्र) शेजारी शेजारी ठेवून पाहा. ओमध्ये मधला भागही नॉइजमधून ओळखू येत नसेल, तर प्रोसेसिंगने तो येणार नाही. अजून दोन रात्री ओ घ्या.

## १. तिन्ही मास्टर एकाच चौकटीत बसवा

एच मास्टर संदर्भ म्हणून घ्या आणि ओ व एस त्यावर अलाइन करा. इंटरपोलेशन लँक्झॉस-४ ठेवत असाल तर क्लॅम्पिंग चालू हवं, नाहीतर तेजस्वी ताऱ्यांभोवती काळी कडी उमटतात. पुढे डीकन्व्होल्यूशन (पसरलेला प्रकाश गोळा करून धार आणण्याची पायरी) ती कडी आणखी गडद करतं.

डिदरिंगमुळे (दोन फोटोंच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम किंचित हलवल्यामुळे) कडांना काही पिक्सेलची अर्धवट पट्टी राहते. ती कापायची, पण अलाइन केल्यानंतर आणि तिन्हींवर अगदी तोच चौकोन लावून. प्रत्येक मास्टर स्वतंत्रपणे नजरेने कापला तर फाइलींचं मोजमाप वेगळं होतं आणि पुढे पिक्सेल मॅथ (चॅनेलची सूत्राने बेरीज-गुणाकार करणारं टूल) चालतच नाही. कापल्याशिवाय पुढे गेलात तर ग्रेडियंट काढणारं टूल त्या पट्टीलाच आकाश समजतं.

## २. ग्रेडियंट काढा, पण तेजोमेघ काढू नका

हे काम लिनिअर अवस्थेत, म्हणजे स्ट्रेच करण्याआधी आणि प्रत्येक चॅनेलवर वेगळं होतं. प्रकाशप्रदूषणासाठी वजाबाकीची पद्धत निवडा. भागाकाराची पद्धत व्हिन्येटिंगसाठी (कोपरे काळवंडणं) असते, आणि ते काम फ्लॅटचं आहे.

रोझेटच्या बाबतीत अडचण अशी की हायड्रोजनचा पुसट थर जवळपास पूर्ण चौकटीत पसरलेला असतो. खरं रिकामं आकाश फार थोडं मिळतं. म्हणून एचसाठी पहिल्या घाताचं बहुपद, म्हणजे फक्त एक तिरका सपाट उतार, पुरेसं आहे. ओसाठी दुसरा घात चालेल. नमुना-बिंदू आपोआप टाकले असतील तर तेजोमेघावरचे आणि तेजस्वी ताऱ्यांवरचे हाताने काढा. चॅनेलमागे १५-२० चांगले बिंदू शंभर वाईट बिंदूंपेक्षा बरे.

तपासा: वजा झालेलं बॅकग्राउंड मॉडेल वेगळं उघडून ऑटोस्ट्रेच करा. त्यात गुळगुळीत उतार दिसला तर ठीक. गोल कडं किंवा मध्ये खळगा दिसला, तर मॉडेलने रोझेट खाल्ला आहे. मागे जा आणि घात कमी करा किंवा बिंदू हलवा.

## ३. आधी धार, मग नॉइज

डीकन्व्होल्यूशन लिनिअर डेटावर, तारे जागेवर असताना आणि नॉइज कमी करण्यापूर्वी करायचं. तारे असायला हवेत, कारण प्रकाशबिंदू किती पसरला आहे हे सॉफ्टवेअर ताऱ्यांच्या आकारावरूनच मोजतं. आधी नॉइज काढला तर डेटाचा मूळ पोतच बदलतो, आणि डीकन्व्होल्यूशन त्या गुळगुळीत डागांना रचना समजून त्यांच्या कडा काढतं.

ब्लरएक्सटर्मिनेटर (डीकन्व्होल्यूशनचं प्लगइन) असेल तर तिन्ही चॅनेलवर चालवा, पण बेताने. सिरिलमध्ये ताऱ्यांवरून पीएसएफ (प्रकाशबिंदूच्या पसरण्याचा नमुना) बनवा, रिचर्डसन-ल्युसी पद्धत निवडा, रेग्युलरायझेशन चालू ठेवा आणि १० इटरेशनपासून सुरू करा. ओ आणि एस नॉइजी असतील तर त्यांच्यावर हे करूच नका. त्या दोघांकडून आपल्याला मुख्यतः रंग हवा आहे, बारीक तपशिलाचा मोठा वाटा एच देणार आहे.

मग नॉइज. इथेही तिघांना सारखं वागवू नका. एचवर हलका हात, ओ आणि एसवर जड. रंगातला थोडा धूसरपणा डोळ्याला खुपत नाही, उजळपणातला लगेच खुपतो.

इशारा: ताऱ्यांभोवती काळी कडी किंवा आकाशात किड्यांसारखी वेटोळी दिसली तर डीकन्व्होल्यूशन जास्त झालं आहे. पुढे कुठेही हे दुरुस्त होत नाही. इथेच कमी करा.

## ४. तारे वेगळे काढा

तारे ठेवून स्ट्रेच आणि रंग करायला गेलं की दोन गोष्टी बिघडतात. ओ आणि एस कमजोर असल्यामुळे त्यांना जास्त ताणावं लागतं, त्याबरोबर त्यांच्यातले तारेही फुगतात. ताऱ्याचा प्रकाश मात्र तिन्ही पट्ट्यांत साधारण सारखा असतो. त्यामुळे लाल आणि निळ्या चॅनेलमधले तारे हिरव्यातल्यापेक्षा मोठे होतात आणि प्रत्येक ताऱ्याभोवती जांभळं कडं बसतं.

स्टारएक्सटर्मिनेटर लिनिअर डेटावर थेट चालतं. स्टारनेट सिरिलमधून चालवत असाल तर ‘प्री-स्ट्रेच लिनिअर इमेज’ हा पर्याय चालू ठेवा. तिन्ही चॅनेलच्या ताराविरहित फाइली आणि एचची फक्त-तारे फाइल वेगळी जतन करा.

तपासा: ओच्या ताराविरहित फाइलमध्ये एनजीसी २२४४ चा भाग मोठा करून पाहा. ओ फिल्टरवर तेजस्वी ताऱ्यांभोवती फिकट चकत्या येणं फार सर्रास आहे आणि तारे काढणारं टूल त्या चकत्या मागेच सोडतं. रोझेटमध्ये त्या बरोबर ऑक्सिजनच्या जागी पडतात, आणि रंगीत झाल्यावर खऱ्या वायूसारख्या दिसतात. आत्ताच, रंग येण्याआधी, क्लोन किंवा हीलिंग टूलने त्या फक्त ओमध्ये आसपासच्या उजळपणाला मिळवून घ्या.

## ५. प्रत्येक चॅनेल स्वतंत्र ताणा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. रंग बिघडतो तो जुळणीत बिघडला असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो इथे बिघडलेला असतो. तिन्ही चॅनेल आधी एकत्र करून मग एकच स्ट्रेच दिला तर एच आधी वर येतो आणि ओ-एस तळाशी राहतात. तिन्हींवर ऑटोस्ट्रेच कायम केला तर बॅकग्राउंड जुळतं, पण ओचा नॉइज तेजोमेघाइतका उंच होतो. म्हणून प्रत्येक चॅनेल हाताने ताणायचा, आकडे बघून.

आकड्यांचं लक्ष्य ० ते १ च्या मोजपट्टीवर असं ठेवा:

बॅकग्राउंड: तिन्हींत ०.०८ ते ०.१०, आणि आपापसातला फरक ०.०१ पेक्षा कमी.
एचमधला सर्वांत उजळ कडा: ०.५० ते ०.५५.
ओमधला उजळ मध्यभाग: ०.४५ ते ०.५०.
एसमधला उजळ कडा: ०.३० ते ०.४०.

एच जाणूनबुजून थोडा मागे ठेवला आहे. एकटा पाहताना तो फिका वाटेल आणि हात आणखी ताणायला शिवशिवेल. ताणू नका. शेवटचा उठाव पायरी ८ मध्ये येणार आहे.

जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच वापरत असाल तर एकाच मोठ्या स्ट्रेचऐवजी तीन-चार लहान स्ट्रेच द्या. पहिल्या वेळी सिमेट्री पॉइंट हिस्टोग्रामच्या शिखराच्या किंचित डावीकडे ठेवा आणि लोकल इंटेन्सिटी ५ ते ८ च्या दरम्यान. यामुळे सगळा ताण पुसट भागाला मिळतो. पुढच्या वेळी सिमेट्री पॉइंट थोडा उजवीकडे सरकवा, लोकल इंटेन्सिटी ० ते २ वर आणा, आणि हायलाइट प्रोटेक्शन लावा म्हणजे कडा जळणार नाही. शेवटी ब्लॅक पॉइंट हळूच वर आणून बॅकग्राउंड ठरलेल्या आकड्यावर बसवा.

बॅकग्राउंड मोजताना पूर्ण चित्राचा मध्यक (मीडियन) घेऊ नका. रोझेट चौकटीचा मोठा भाग व्यापतो, त्यामुळे तो आकडा तेजोमेघाचाच असतो. कोपऱ्यातला सर्वांत गडद भाग शोधा, तिथे ५० × ५० पिक्सेलचा चौकोन काढा आणि तिन्ही चॅनेलमध्ये त्याच चौकोनाचा मध्यक वाचा.

इशारा: ब्लॅक पॉइंट ओढताना किती पिक्सेल शून्यावर कापले जातात तो आकडा दिसतो. तो ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. कापलेल्या आकाशाला रंग उरत नाही, फक्त काळा खड्डा उरतो.

## ६. रंगांची वाटणी

आधी साधी मांडणी करून पाहा: लाल = एस, हिरवा = एच, निळा = ओ. हे अंतिम चित्र नाही, ही फक्त चाचणी आहे. आकाश करडं दिसलं तर पायरी ५ बरोबर झाली. आकाशालाच रंगाची झाक असेल तर पुढे जाऊ नका, मागे जा.

आता दोन बिंदू घेऊन हिशेब करू. कड्यावरच्या एका बिंदूला एच ०.५०, एस ०.३०, ओ ०.१०. मध्यभागातल्या दुसऱ्या बिंदूला एच ०.४०, एस ०.१५, ओ ०.५०.

साध्या मांडणीत कडा होतो लाल ०.३०, हिरवा ०.५०, निळा ०.१०, म्हणजे ठळक हिरवा. यावर हिरवा काढणारं टूल ‘ॲव्हरेज न्यूट्रल’ पद्धतीने पूर्ण ताकदीने चालवलं तर हिरवा हा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा जास्त राहू शकत नाही. सरासरी आहे ०.२०. म्हणजे ०.५० चा हायड्रोजन ०.२० वर येतो. ज्या तपकिरी, मेलेल्या रंगाची तक्रार सगळे करतात तो इथून जन्मतो. उजळपणा जपणारा पर्याय चालू असला तरी रंगातला फरक गेलेलाच असतो: हायड्रोजन कुठे जास्त आणि कुठे कमी, हे तो रंग आता सांगत नाही.

स्थिर मिश्रण. पिक्सेल मॅथमध्ये असं लिहा:

लाल = ०.५ × एस + ०.५ × एच
हिरवा = ०.६ × एच + ०.४ × ओ
निळा = ओ

आता कडा येतो लाल ०.४०, हिरवा ०.३४, निळा ०.१०, म्हणजे सोनेरी. मध्य येतो लाल ०.२८, हिरवा ०.४४, निळा ०.५०, म्हणजे आकाशी निळा. काहीही पुसलेलं नाही. हायड्रोजन लाल आणि हिरव्यात वाटला गेला, आणि लाल-हिरवा मिळूनच सोनेरी होतो.

प्रत्येक ओळीतल्या गुणकांची बेरीज १ असायलाच हवी. तशी असली की एक फुकटचा फायदा मिळतो: तिन्ही चॅनेलचं बॅकग्राउंड समान असेल तर मिश्रणानंतरही ते समानच राहतं आणि आकाश करडंच राहतं. पायरी ५ मध्ये ०.०१ चा हट्ट धरला तो यासाठी. टूलमधला निकाल पुन्हा मोजपट्टीत बसवणारा ‘रिस्केल’ पर्याय बंद ठेवा, नाहीतर ही सगळी जुळणी तो उधळून लावतो.

लालमध्ये एसचा वाटा ०.८ पर्यंत वाढवला तर गंधक असलेले आणि नसलेले भाग जास्त वेगळे दिसतात, पण सोनेरी हिरवटाकडे झुकतो. ०.३ वर आणला तर कडा एकसारखा केशरी होतो आणि गंधकाची माहिती हरवते. एस मास्टर चांगला असेल तर ०.५ ते ०.६ ठेवा, फारच नॉइजी असेल तर ०.३ ते ०.४.

बदलतं मिश्रण. फोरॅक्स नावाने ओळखलं जाणारं हे मिश्रण प्रत्येक पिक्सेलला वेगळे गुणक देतं. आधी दोन वजनं काढायची. पहिलं वजन = ओ चा (१ − ओ) इतका घात. दुसऱ्यासाठी ओ × एच हा गुणाकार घ्यायचा, आणि त्याचाच (१ − गुणाकार) इतका घात. मग:

लाल = पहिलं वजन × एस + (१ − पहिलं वजन) × एच
हिरवा = दुसरं वजन × एच + (१ − दुसरं वजन) × ओ
निळा = ओ

आपल्या कड्यावर पहिलं वजन ०.१३ येतं, म्हणून लाल जवळजवळ पूर्ण हायड्रोजनवर चालतो आणि ०.४७ होतो. दुसरं वजन ०.०६, म्हणून हिरवा फक्त ०.१२. रंग तांबूस-केशरी. मध्यभागी वजनं ०.७१ आणि ०.२८ येतात, लाल ०.२२ वर दबतो, हिरवा ०.४७ होतो, निळा ०.५०. रंग निळसर-हिरवा. दोघांतला विरोध स्थिर मिश्रणापेक्षा जास्त ठळक, आणि मधल्या पट्ट्यात सोनेरी आपोआप येतो.

हे सूत्र ० ते १ मध्ये ताणलेल्या, ताराविरहित डेटावरच चालतं. लिनिअर डेटावर ओ इतका लहान असतो की वजनं शून्याजवळ जातात आणि सगळं चित्र लाल होतं. ओ नॉइजी असेल तरी हे मिश्रण टाळा, कारण ओ इथे रंगही आहे आणि वजनही, आणि त्याचा नॉइज तिन्ही रंगांत उतरतो.

पहिल्यांदा करणाऱ्याने स्थिर मिश्रणच वापरावं. त्यात काय कुठून आलं ते डोळ्यांना कळतं.

## ७. रंगाची बारीक दुरुस्ती

मिश्रणानंतर किंचित हिरवी झाक उरली असेल तर आता हिरवा काढणारं टूल ०.३ पर्यंत चालवायला हरकत नाही. ०.५ च्या वर जावंसं वाटलं तर चूक मिश्रणात आहे, तिथे परत जा.

सॅच्युरेशन रंगपट्ट्यानुसार वाढवा. सिरिलच्या कलर सॅच्युरेशन टूलमध्ये ह्यूचा पट्टा निवडता येतो आणि बॅकग्राउंड वगळण्याचा गुणकही देता येतो. निळ्याला आणि पिवळ्या-केशरीला वेगवेगळं, एका वेळी थोडंच वाढवा. सोनेरी फार हिरवट वाटला तर पिवळ्याचा ह्यू ५ ते १० अंश केशरीकडे सरकवा.

तपासा: चित्र करडं करून पाहा. मधला निळा भाग आणि सोनेरी कडा यांच्या उजळपणात फरक दिसायला हवा. करड्यात सगळं सपाट झालं तर विरोध फक्त रंगाचा आहे, आणि असं चित्र मोबाइलवर लगदा दिसतं.

## ८. तपशील: उजळपणावर काम करा, रंगावर नाही

रंगीत चित्रावर थेट शार्पनिंग केलं की रंगातला नॉइजही धारदार होतो. म्हणून वेगळा ल्युमिनन्स (फक्त उजळपणाचं करडं चित्र) बनवा आणि सगळी धार त्यावर आणा.

सर्वांत स्वच्छ म्हणून एकटा एच ल्युमिनन्ससाठी घेणं ही अगदी सामान्य चूक आहे. रोझेटच्या मध्यभागी ऑक्सिजन जोरात आणि हायड्रोजन तुलनेने कमी आहे. एच एकटाच उजळपणा ठरवू लागला की तिथला निळा काळवंडतो आणि मेहनतीने आणलेला रंग गायब होतो. त्याऐवजी ०.६ × एच + ०.२५ × ओ + ०.१५ × एस असं मिश्रण घ्या.

त्यावर क्रमाने:

आधी मोठी रचना. लोकल हिस्टोग्राम इक्वलायझेशन, कर्नल रेडियस १२० ते १५०, कॉन्ट्रास्ट लिमिट २.० च्या आत, अमाउंट ०.२ ते ०.३. मग तेच रेडियस ६० च्या आसपास, अमाउंट आणखी कमी. सिरिलमध्ये याच कामाला क्लाही आहे, क्लिप लिमिट १.५ ते २.० ठेवा.

नंतर बारीक रचना. वेव्हलेट थर १, २, ४, ८, १६ पिक्सेल अशा मापांचे असतात. पहिला थर जवळपास पूर्ण नॉइज असतो, त्याला हात लावू नका. ४ आणि ८ पिक्सेलचे थर थोडे वाढवा. रोझेटच्या कड्यावरच्या काळ्या धुळीच्या गोळ्यांची रांग याच मापात बसते, आणि ती सुटी दिसू लागली की पुरे.

दोन्ही कामं ल्युमिनन्सचाच मास्क लावून करा, म्हणजे उजळ भागाला धार मिळेल आणि आकाश शांत राहील.

ल्युमिनन्स रंगात मिसळण्याआधी त्याचा उजळपणा रंगीत चित्राच्या उजळपणाशी जुळवा. दोन्हींत त्याच ठिकाणचे मध्यक वाचा. ल्युमिनन्स जास्त उजळ असेल तर मिसळल्यावर रंग धुऊन निघाल्यासारखा फिका पडतो, आणि मग लोक पुन्हा सॅच्युरेशनकडे धावतात.

इशारा: तयार चित्र आणि मूळ एच मास्टर आलटून पालटून दाखवा. एखादा धागा किंवा गाठ मूळ मास्टरमध्ये अजिबात दिसत नसेल, तर ती टूलने तयार केली आहे. ती चित्रात राहता कामा नये.

## ९. तारे परत ठेवा

उत्तम मार्ग: आर, जी, बी फिल्टरने प्रत्येकी १५-२० लहान एक्स्पोजर, ३० सेकंदांची. एकूण अर्ध्या तासाचं काम. या फोटोचा रंग स्पेक्ट्रोफोटोमेट्रिक कॅलिब्रेशनने ठरवा, त्यातले तारे वेगळे काढा आणि हलकेच ताणा. निळे आणि पिवळे तारे खऱ्या रंगात मिळतात.

ते नसेल तर एचचेच तारे तिन्ही रंगांत वापरा. पांढरे दिसतील, पण जांभळ्यापेक्षा पुष्कळ बरे. एसएचओचे जांभळे तारेच हाताशी असतील तर फक्त-तारे चित्र इन्व्हर्ट करा, हिरवा काढणारं टूल पूर्ण चालवा, पुन्हा इन्व्हर्ट करा. जांभळ्याचा उलटा रंग हिरवा असल्यामुळे जांभळट झाक निघून जाते. या टूलचा पूर्ण ताकदीने वापर या कामात एवढ्या एकाच जागी योग्य आहे.

जोडताना साधी बेरीज नको, उजळ तेजोमेघावरचे तारे फुटतात. स्क्रीन पद्धत वापरा: १ − (१ − तेजोमेघ) × (१ − तारे). ताऱ्यांची फाइल कॉपी करून तीन वेगवेगळ्या स्ट्रेचने जोडून पाहा. बहुतेक वेळा सर्वांत कमी ताणलेलीच चांगली दिसते.

## कलर कॅमेरा आणि ड्युअल-बँड फिल्टर असेल तर

लाल पिक्सेलमधून एच आणि हिरव्या-निळ्या पिक्सेलमधून ओ वेगळे काढा. सिरिलमध्ये यासाठी तयार स्क्रिप्ट आहे. त्यानंतर पायऱ्या १ ते ५ जशाच्या तशा. मिश्रण मात्र एचओओ: लाल = एच, हिरवा = ०.२ × एच + ०.८ × ओ, निळा = ओ. यात गंधक नाही. एचची प्रत एसच्या जागी ठेवून एसएचओसारखे रंग आणता येतात, पण त्यातल्या सोनेरी छटा गंधक कुठे आहे ते सांगत नाहीत, म्हणून अशा फोटोला एसएचओ म्हणू नका.

## १०. जतन

३२-बिट फिट्समध्ये चार टप्पे वेगळे ठेवा: ताणलेले तीन चॅनेल, मिश्रणानंतरचं रंगीत चित्र, ल्युमिनन्स, आणि तारे. रंग आवडला नाही तर पायरी ६ पासून पुन्हा सुरू करता येतं. पावसाळ्यात आकाश बंद असताना जुना डेटा परत काढाल तेव्हा याच फाइली उपयोगी पडतात.

इंटरनेटवर टाकण्यासाठी एसआरजीबी प्रोफाइलमध्ये बदलून जेपीजी काढा. प्रोफाइल न बदलता टाकलेल्या फोटोत सोनेरी फिका पडतो. फोटोखाली रंगांची मांडणी, मिश्रणाचे गुणक, प्रत्येक फिल्टरची रुंदी नॅनोमीटरमध्ये आणि एकूण वेळ लिहा: उदाहरणार्थ ‘एसएचओ, लाल ०.५ एस + ०.५ एच, हिरवा ०.६ एच + ०.४ ओ, निळा ओ, ७ नॅनोमीटर फिल्टर, एच ४ तास, ओ ७ तास, एस ६ तास, तारे आरजीबी’.